जर्मनीत एमएस: केम्निट्झ, स्टुटगार्ट की बर्लिनचं खाजगी विद्यापीठ? घर गहाण ठेवायचा प्रश्न आहे

पंचगंगेकाठची | १४ जून २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मी इचलकरंजीची. २०२३ ला मेकॅनिकलमधून बीई झाले, सीजीपीए ७.६. तेव्हापासून शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. रोज शंभर-दीडशे कास्टिंग हाताखालून जातात. ब्लो होल कुठे, क्रॅक कुठे, रिजेक्शन का वाढलं, हेच काम. मला या कामातच पुढे जायचंय, फक्त ते जास्त खोलात शिकायचंय.

एपीएस (जर्मनीसाठी लागणारी कागदपत्रांची पडताळणी) झालं, आयईएलटीएस ७ आहे, जर्मनची ए१ ही पहिली पातळी झालीय. या हिवाळी सेमिस्टरसाठी हातात तीन पर्याय आहेत:

केम्निट्झच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ऍडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग. फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी.

स्टुटगार्ट विद्यापीठात कॉमास, म्हणजे कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्सचा कोर्स. दर सेमिस्टरला १,५०० युरो फी.

बर्लिनच्या एका खाजगी विद्यापीठात इंजिनिअरिंग मॅनेजमेंट. दोन वर्षांची फी २०,००० युरो. हे पुण्याच्या एका कन्सल्टन्सीनं सुचवलं. त्यांची सेवा मोफत आहे. २५ जूनच्या आत ३,००० युरो भरून सीट पक्की करा, म्हणून रोज फोन येतो. केम्निट्झचं नाव काढलं की म्हणतात, ते पूर्व जर्मनीतलं गाव आहे, तिथे मुलीला एकटीला पाठवू नका, नोकऱ्या बर्लिनलाच.

अण्णांचे २४ साधे माग आहेत, खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं चालतात. गेल्या दोन वर्षांत धंद्याचं काय झालंय ते इचलकरंजीतल्या कुणालाही विचारा. तरीही ते घरावर २५ लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत. म्हणतात, "तू कॉलेज बघ, पैशाचं मी बघतो." मला नेमकं तेच होऊ द्यायचं नाहीये. आई फक्त एकच विचारते, तिथे रात्री लायब्ररीतून खोलीवर जाताना भीती नाही ना?

कुणी या शहरांत राहिलेलं असेल तर कृपया सांगा.

---

निवृत्त बँकवाला, मिरज | १५ जून, सकाळी ७:१५

बाळ, शिक्षणाचं मला कळत नाही. ३४ वर्षं बँकेत गेली, त्यामुळे कर्जापुरतं सांगतो.

२५ लाख १० टक्क्यांनी घेतले तर वर्षाचं व्याज अडीच लाख. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढची एक वर्षाची सवलत धरली, त्या काळात काहीच भरलं नाही, तर हप्ता सुरू व्हायच्या आधीच डोक्यावर साडेबत्तीस लाख झालेले असतात. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याला सुमारे ४३ हजार. तेच १४ लाखांत भागलं तर हप्ता २४ हजारांच्या आसपास बसतो. पहिला हप्ता तुला नोकरी लागली नाही म्हणून थांबत नाही, हे मी कित्येक घरांत बघितलंय.

दुसरं, अण्णांना सांग की घर तारण देऊन शैक्षणिक कर्ज घ्या, साधं मॉर्गेज लोन घेऊ नका. शाखेत कधी कधी कर्ज लवकर व्हावं म्हणून मॉर्गेजमध्ये बसवून देतात. मग शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत मिळत नाही, आणि शिक्षण संपेपर्यंत थांबायची सवलतही मिळत नाही. शैक्षणिक कर्जातून परदेशी जाणाऱ्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस हा आगाऊ करही कापला जात नाही. आणि शक्य असेल तर शिकत असतानाच व्याज तेवढं भरत राहा, मुद्दल फुगत नाही.

---

बागाईतदाराची लेक | १५ जून, दुपारी ४:०५

तुझं वय बघता एकेरीच लिहिते. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. मी ऑक्टोबर २०१९ ला केम्निट्झला आले, तू म्हणतेस त्याच कोर्सला. आता इथून जवळच, एर्झगेबिर्गच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या टूलरूममध्ये नोकरी करते. लांबेल, पण पूर्ण वाच.

आधी त्या फोनचं. खाजगी विद्यापीठं विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात, सरकारी देत नाहीत. मोफत सेवा परवडते ती त्यातून. मी याच्या उलट बाजूनं फसले. माझ्या कन्सल्टन्सीनं ६० हजार रुपये घेतले आणि चार ठिकाणी अर्ज टाकले, त्यातले दोन नुसते क्रेडिट कमी पडतात म्हणून परत आले. कोणत्या विषयात किती क्रेडिट लागतात ते त्या विद्यापीठाच्या पानावर लिहिलेलं होतं, त्यांनी ते उघडूनही बघितलं नव्हतं. त्या रात्री बाबा बागेत औषध मारून आले होते आणि मला त्यांच्याशी बोलायचा धीर होईना.

खाजगी म्हणजे सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. बघायचंच असेल तर आनाबीन नावाच्या सरकारी यादीत त्या संस्थेपुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का बघ, आणि वर्ग प्रत्यक्ष भरतात की हायब्रीड, हे लेखी घे. अर्धा ऑनलाइन कोर्स असेल तर विद्यार्थी व्हिसा अडचणीत येतो. पण तुला तर कास्टिंगमध्ये पुढे जायचंय. इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमध्ये तुला मेटल कोण शिकवणार? २० लाखांना पॉवरपॉइंट शिकून येशील. मला यात दुसरं मत नाही.

आता केम्निट्झ आणि स्टुटगार्ट. इथे बहुतेक जण रँकिंग काढतात. तू त्याऐवजी दोन्ही कोर्सचं मोडुलहांडबुख डाउनलोड कर. प्रत्येक विषयात काय शिकवतात, किती क्रेडिट, परीक्षा लेखी की तोंडी, सगळं त्यात असतं. मधल्या सुट्टीत नाही, रविवारी सकाळी डोकं ताजं असताना वाच. कॉमासमध्ये कंटिन्युअम मेकॅनिक्स, टेन्सर, फायनाइट एलिमेंटचं गणित आहे. कोर्स उत्तम आहे, पण त्यातून तयार होतो तो सिम्युलेशनवाला माणूस. ऍडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग म्हणजे फॉर्मिंग, जॉइनिंग, मशीन टूल, उत्पादनाची आखणी. जो वाचून तुला शिरोलीचा फ्लोअर आठवेल तो तुझा.

हे मी इतकं का सांगते? कारण इथे एका पेपरला साधारणपणे तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. मी एका पेपरात दोनदा नापास झाले. दुसरा निकाल ट्राममध्ये मोबाइलवर बघितला, ५.० दिसलं. इथे १.० सगळ्यात चांगलं, ४.० ला पास, ५.० म्हणजे गेला. दोन स्टॉप पुढे गेले तरी कळलं नाही. तिसऱ्या वेळेआधीचे चार महिने आयुष्यात विसरणार नाही. शेवटी ३.३ ला सुटले. पण चार सेमिस्टरचा कोर्स सहा सेमिस्टरचा झाला. बहुतेकांचा होतो, पण घरी कुणी सांगत नाही. व्हिसा वाढवताना पुढच्या वर्षाचे पैसे परत दाखवावे लागतात, म्हणून हिशेब दोन वर्षांचा न करता अडीच-तीनचा कर. तुझ्या गुणांचं म्हणशील तर इथल्या सूत्रानं, पासिंग ४ धरून, ७.६ चे २.२ होतात. चांगले आहेत. कमीपणा वाटून घेऊ नकोस.

पैशाचं: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो (२०२५ चा आकडा) लागतात, म्हणजे शंभर रुपयांनी १२ लाख. ही फी नव्हे, तुझेच पैसे, दरमहा ९९२ परत मिळतात. केम्निट्झला मी होस्टेलच्या खोलीचे २३० युरो भरत होते, आता मुली २८०-३०० सांगतात. आरोग्य विमा, जेवण, फोन धरून साडेसहाशे-सातशेत महिना निघतो. स्टुटगार्टला नुसती खोलीच पाचशेच्या पुढे, तीही मिळाली तर. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि किमान वेतन तासाला १२.८२ युरो (२०२५ चा दर). पण पहिल्या सेमिस्टरला कमाई शून्य धर. मी दुसऱ्या वर्षी फ्राउनहोफरच्या मशीन टूलच्या संशोधन संस्थेत मदतनीस म्हणून लागले, ती संस्था कॅम्पसला लागूनच आहे. तिथेच थिसिस केला. केम्निट्झ निवडायचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण ते.

नोकरीचं खरं सांगते. गाड्यांचा धंदा मंदावलाय. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार केला, २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करणार. पास झाल्यावर काम शोधायला १८ महिने मिळतात, ते बर्लिनमध्येही तेवढेच आणि इथेही तेवढेच. मी ६८ अर्ज केले, तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. तिन्ही ठिकाणी पहिलं वाक्य जर्मनमध्ये. मी फक्त ए१ घेऊन आले होते आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक. कोर्स इंग्रजीत असला तरी फ्लोअरवरचा मायस्टर, म्हणजे फोरमन, इंग्रजी बोलत नाही. निघायच्या आधी ए२ संपव, पहिल्या वर्षात बी१ कर. रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनला पुण्यात राहून जमत नसेल तर ऑनलाइन लाव, पण ड्युटीवरून आल्यावर रोज एक तास बस.

आणि ते "पूर्व जर्मनीतलं गाव"! अडीच लाख लोकवस्तीचं शहर आहे. २०२५ ची युरोपची सांस्कृतिक राजधानी. अण्णांना आवर्जून सांग, या शहराला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणतात, जसं तुमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं. लुइस श्योनहेर नावाच्या माणसानं १९ व्या शतकात इथे मागांचा कारखाना काढला, ती इमारत अजून उभी आहे. आणि विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय २०२० पासून एका जुन्या सूतगिरणीत आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा कोरोना होता, एक टेबल सोडून एक बसायचं. बाहेर बर्फ, आणि मी सूतगिरणीत बसून फायनाइट एलिमेंट करतेय.

आईंच्या प्रश्नाचं वेगळं लिहिते, घाईत लिहायचा विषय नाही तो.

---

कोथरूड ते फायहिंगेन | १५ जून, रात्री ११:२०

वरचं सगळं पटलं, फक्त स्टुटगार्टवर थोडा अन्याय झाला. मी २०२१ ला इथे आलो, कॅम्पस फायहिंगेनला आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून १,५०० युरो लावले. चार सेमिस्टरचे ६,००० होतात, म्हणजे सहा लाख. ते मी वेर्कस्टुडंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम करून, दहा महिन्यांत काढले, कारण बॉश, मर्सिडीज, पोर्शे आणि त्यांचे शेकडो पुरवठादार इथेच आहेत. केम्निट्झला पर्याय कमी.

पण खोलीचं म्हणाल तर त्यांनी सौम्य लिहिलंय. मला होस्टेल मिळायला आठ महिने लागले. तोवर तीन ठिकाणी राहिलो, एकदा डिपॉझिट मागणारा माणूस खोटा निघाला आणि ४०० युरो गेले. खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणाला एक युरो पाठवू नका. आणि शहराच्या कार्यालयात नाव नोंदवायला घरमालकाचं पत्र लागतं, ते द्यायला तो तयार आहे का हे आधी विचारा. त्यावाचून पुढची सगळी कामं अडतात.

गणिताची आवड असेल तरच कॉमास. माझ्या बॅचला पहिल्याच सेमिस्टरला त्या विषयानं घाम फोडला. फौंड्रीतून येत असाल तर मीही केम्निट्झच म्हणेन. आणि जाता जाता, म्युनिकच्या टेक्निकलनं २०२४ पासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० किंवा ६,००० युरो लावलेत. "जर्मनीत फी नाही" हे वाक्य आता शहर आणि कोर्स बघूनच बोलायचं.

---

पंचगंगेकाठची | १६ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. बँकवाले काका, तुमचा ४३ हजारांचा आकडा अण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "एवढं तर कारखान्यातून पण निघत नाही." आज सकाळी कन्सल्टन्सीला फोन करून नको म्हणून सांगितलं.

काल दोन्ही हांडबुख काढली. गूगलनं भाषांतर करत करत केम्निट्झचं अर्धं झालं. जॉइनिंगच्या विषयात जे दोष लिहिलेत त्यातले निम्मे मी रोज बघते. कॉमासचं तिसऱ्या पानावर बंद केलं.

ताई, आईचं उत्तर राहिलंय. आणि अण्णांचा एक प्रश्न आहे. मागांचा कारखाना वाचल्यापासून त्यांनी दोनदा विचारलं: तिथे आता माग चालतात का, की नुसत्या इमारतीच उरल्यात?

---

बागाईतदाराची लेक | १७ जून, सकाळी ११:३०

आधी आईंना. त्यांना हे वाचून दाखव, काही लपवत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये या शहरात परदेशी लोकांविरुद्ध मोठी निदर्शनं झाली, जगभर बातम्या आल्या. त्यानंतर वर्षानं मी आले, तेव्हा माझ्याही आईनं जेवण सोडलं होतं. इथल्या बऱ्याच लोकांना आपण नको आहोत, ते मतदानातही दिसतं. साडेपाच वर्षांत माझ्यावर हात कुणी टाकला नाही. एकदा ट्राममध्ये एक माणूस अंगावर ओरडला, परत जा म्हणाला. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि दुसरी ट्राम येईपर्यंत अर्धा तास थंडीत उभी होते. घरी सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. मी सोमवारी संध्याकाळी, मोर्चे निघायचे तेव्हा, शहराच्या मध्यात जायचं टाळत असे. कॅम्पसवर आणि होस्टेलमध्ये असं कधी घडलं नाही. होस्टेल कॅम्पसलाच खेटून आहेत, लॅबपासून खोली चालत सात-आठ मिनिटं. रात्रीचं लायब्ररीतून दोघी-तिघी मिळून निघायचो. सुरुवातीला ठरवून, नंतर सवयीनं.

भीतीपेक्षा मला हिवाळा जड गेला. डिसेंबरात चारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, लाइपझिगला जायचं तर तासभर. पहिल्या दिवाळीला होस्टेलच्या किचनमध्ये आम्ही चौघींनी चकल्या केल्या. भाजणी तासगावहून आणलेली, सोऱ्या कुणाकडेच नव्हता, मग केकवर क्रीम घालायच्या पिशवीतून पाडल्या. सोऱ्या आण. वजन होतं, तरी आण.

आता अण्णांना. कारखान्यात माग नाहीत, तिथे आता ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. पण त्स्विकाउअर रस्त्यावर एका जुन्या कारखान्यात उद्योग संग्रहालय आहे. त्यात कापडाची जुनी यंत्रं ठेवलीत आणि त्यातली काही चालवून दाखवतात. मी थिसिसच्या काळात एकदा गेले होते. एका आजोबांनी माग सुरू केला आणि हॉलभर आवाज भरला. मला विट्यातल्या मागांचा आवाज आठवला, मामांच्या गल्लीतला. तिथे चित्रं काढायला शाळेच्या पोरांची सहल आली होती, त्यांनी कानांवर हात ठेवले. मी पुढे सरकले.

अण्णांना विचार, धोट्याचा आवाज त्यांना ओळखू येईल का? शनिवारी मला सुट्टी आहे. जाऊन रेकॉर्ड करते आणि इथेच टाकते. कोणता माग आहे ते त्यांनी सांगायचं.